वसणे आणि वसवणे

इंग्रजी अमदानीत 'व्हर्नाक्युलर' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसला तो परीक्षेच्या निमित्ताने. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होणे म्हणजे खेड्यातल्या मुलाच्या हाती शाळामास्तरकीची किल्ली येणे; 'फायनल झालेला' ही ओळख त्याला जन्मभर पुरत असे. १८७८ साली लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला, त्याच्याही नावात हाच शब्द होता. त्याचे मूळ लॅटिन. 'व्हर्ना' म्हणजे धन्याच्या घरातच जन्मलेला गुलाम. त्यावरून झालेले विशेषण घरगुती, स्थानिक या अर्थाने भाषेला लागले आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत ते इमारतींनाही लागू लागले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बर्नार्ड रुडोफ्स्की यांनी वास्तुविशारदाविना उभ्या राहिलेल्या वास्तूंचे प्रदर्शन भरवले, तेव्हापासून या इमारतींना विद्वज्जगतात प्रतिष्ठा मिळाली.

मराठीच्या विद्यार्थ्याने ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवावी असे आम्हांला वाटते. धन्याच्या व्याकरणात न बसणारी भाषा आणि धन्याच्या नकाशात न बसणारे घर या दोहोंना एकच नाव मिळाले. भाषेच्या बाबतीत ते नाव आपण पुढे टाकून दिले. घराच्या बाबतीत मात्र ते आता मानाने मिरवले जाते. 'पारंपरिक नगररचना आणि व्हर्नाक्युलर वास्तुकला' या विषयावर आठ-दहा दिवसांचे अभ्यासवर्ग भरतात, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी गावोगाव जाऊन घरांची मापे घेतात, जुन्या घरांच्या छायाचित्रांची पुस्तके निघतात. या वर्गांत साहित्याच्या विद्यार्थ्याचे काय काम, आणि इतक्या थोड्या दिवसांत गाव शिकता येते का, या दोन प्रश्नांचा विचार रत्नागिरी आणि तिच्या परिसराच्या आधाराने येथे करायचा आहे.

अल्पमुदतीच्या अशा वर्गांना स्वतःचा इतिहास आहे आणि तो मराठी प्रदेशाशी जोडलेला आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान मुळात जीवशास्त्रज्ञ. १८८७ पासून त्याने एडिंबरोत उन्हाळी वर्ग भरवले. त्यांना येणाऱ्यांत शाळाशिक्षकांचा भरणा मोठा असे. शहर पुस्तकातून शिकवता येत नाही, ते चालून शिकावे लागते, असा त्याचा आग्रह होता. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचे नगररचनेचे प्रदर्शन वेगळ्या जहाजाने येत होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका एम्डेनने ते जहाज बुडवले आणि आयुष्यभर जमवलेले नकाशे व चित्रे समुद्रात गेली. मित्रांच्या मदतीने त्याने दुसरे प्रदर्शन उभे केले. १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, त्याच वर्षी गेडिसने इलाख्यातल्या सहा गावांच्या पुनर्रचनेवर अहवाल लिहिले. महाराष्ट्र शासनाने ते १९६५ मध्ये छापले.

गेडिसचे म्हणणे थोडक्यात असे होते : दाट वस्ती दिसली की सरळ रुंद रस्ता काढून ती पाडणे हा उपचार रोगापेक्षा वाईट असतो. आधी वस्तीचे निदान करावे; विहीर, झाड, पार, देऊळ कोठे आहे ते पाहावे; एखादे पडके घर काढून तेथे मोकळी जागा करावी आणि उरलेले राखावे. या पद्धतीला तो जपणूक करणारी शस्त्रक्रिया म्हणे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र हा विभाग निघाला तो त्याच्याच नेतृत्वाखाली. त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत मालवणला जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये होते. तेच १९२४ मध्ये विभागाचे प्रमुख झाले. घुर्यांच्या हाताखाली एम.ए. केलेल्यांत एक नाव होते इरावती कर्वे यांचे.

मराठीच्या वर्गात इरावतीबाई येतात त्या 'युगान्त' आणि 'परिपूर्ती' यांच्या लेखिका म्हणून. १९५७ साली त्यांनी भारतीय खेड्यावर लिहिलेला इंग्रजी निबंध आमचे विद्यार्थी सहसा वाचत नाहीत. त्यात त्यांनी खेड्यांचे तीन घाट वर्णिले आहेत. देशावरचे गाव मुठीसारखे आवळलेले, घराला घर लागून, शेते गावाबाहेर. सातपुड्यातल्या आदिवासींची वस्ती विखुरलेली. आणि तिसरे कोकण किनाऱ्यावरचे : रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेले, प्रत्येक घर आपापल्या कुंपणात, भोवती माडा-पोफळींची बाग. इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, आणि नाव तिथल्या नदीचे. पण सासर होते दापोलीजवळच्या मुरूडचे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे. त्यांनी वर्णिलेला किनाऱ्यावरचा घाट ओळखायला मुरूडपेक्षा चांगले गाव सापडायचे नाही.

याच मुरूडचे आणखी एक सुपुत्र रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. त्यांनी १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता मुरूड नावाचे नवे गाव कसे वसवले गेले याची हकीकत सांगणारा एक जुना दस्तऐवज. महर्षी कर्व्यांनीही १९१५ च्या आपल्या 'आत्मवृत्ता'त गावाची ही स्थापनाकथा सांगितली आहे. त्या कथेतला ऐतिहासिक अंश किती, हा तज्ज्ञांचा विषय. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की मुरूडकरांना आपले गाव 'वसले' असे वाटत नव्हते, ते 'वसवले' गेले असे वाटत होते. आणि वसवण्याची ती आठवण त्यांनी लिहून ठेवली होती.

वसणे अकर्मक, वसवणे प्रयोजक. या दोन क्रियापदांत पारंपरिक नगररचनेसंबंधीचा एक मोठा वाद सामावलेला आहे. जुनी गावे आपोआप, झाडासारखी वाढली, त्यांना कर्ता नाही, हे रुडोफ्स्कींच्या प्रदर्शनानंतर फार लोकप्रिय झालेले मत. त्यात एक हळवेपणा आहे. मुरूडच्या सरळ रस्त्यावर उभे राहिले, दोन्ही अंगांची घरे आणि त्यांच्या मागे पसरलेली आगरे पाहिली, की हे आपोआप झाले असे म्हणवत नाही. रस्ता कोठून न्यायचा, पाण्याला वाट कशी द्यायची, देवीला जागा कोणती, हे कोणीतरी ठरवल्याशिवाय अशी रेघ उमटत नाही. वास्तुविशारद नव्हता हे खरे. पण कर्ता होता, त्याचे हेतू होते, आणि त्या हेतूंची जबाबदारीही होती. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

आता रत्नागिरी शहराकडे येऊ. गेडिस आपल्या विद्यार्थ्यांपुढे दरीचा एक छेद काढून दाखवी. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतची एक उतरती रेघ, आणि प्रत्येक टप्प्यावर त्या त्या भूमीतून निपजलेला धंदा : वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मध्ये मेंढपाळ आणि शेतकरी, खाली कोळी. हा छेद कोकणात जितका आखूड आणि स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल. सह्याद्रीचे कडे, त्याखालच्या घाटपायथ्याच्या वाड्या, मग जांभ्याचा उघडा सडा, सड्याच्या उतारावर घरे, खाली भाताचे मळे, त्याखाली खाजण, खाडी आणि बंदर. शहरातली स्थलनामे याच छेदाची खूणपट्टी आहेत. माळ नाक्यावर पूर्वी माळ असणार हे सांगावे लागत नाही. पऱ्याची आळी म्हटले की पावसाळी ओहोळ आठवतो. आळी बांधताना त्या पऱ्याचा मान राखला होता, म्हणून तर नाव टिकले. मांडवी बंदराची, राजिवडा खाडीकाठच्या मच्छीमारांचा, आणि पेठ किल्ला रत्नदुर्गाच्या आश्रयाची. नगररचनेच्या अभ्यासकाला नकाशा लागतो. भाषेच्या अभ्यासकाला नावांची यादी पुरते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या छेदात दोन वास्तू मुद्दाम शेजारी ठेवून पाहाव्यात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. त्याच्यासाठी सरकारने बांधलेला राजवाडा १९१० सालचा. भिंतींना दगड इथलाच, जांभा. पण जागा निवडली ती वस्तीपासून दूर, उंचावर, खाडी आणि समुद्र दिसेल अशी. कैद्याला क्षितिज द्यायचे आणि शेजार द्यायचा नाही, ही त्या जागेच्या निवडीमागची बुद्धी. दुसरी वास्तू टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर. एका शिक्षकाच्या बिऱ्हाडाला पुरेल एवढे, उतरत्या कौलांचे, अंगण असलेले आणि आळीच्या कुशीत बसलेले. दगड एकच, पाऊसही तोच, पण शेजाराशी असलेले नाते बदलताच वास्तूचा अर्थ पार बदलतो. वाड्मयाच्या विद्यार्थ्याला संदर्भ म्हणजे काय हे समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

घराच्या आत शिरले की भाषेचा प्रांत सुरू होतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. घराचा सगळा आकार या एका गोष्टीशी केलेल्या तडजोडीतून आला आहे. जांभा जमिनीत असतो तेव्हा मऊ असतो, अवजाराने चिरा सहज काढता येतो. वारा-ऊन लागले की तो कठीण होतो. म्हणून चिरेखाण गावाजवळच, आणि घराचे जोते चिऱ्यांचे. छप्पर इतके खाली उतरते की पडवीत शिरताना उंच माणसाला वाकावे लागते. कारण आडवी झड भिंतीपर्यंत पोचू द्यायची नसते. पावसाळ्यापुरते पडवीच्या उघड्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतात. पावसाळा सरला की अंगण चोपून सारवायचे आणि त्यावर मांडव घालायचा. तोच भाताचे खळे, तोच वाळवणाची जागा, तोच लग्नाचा मंडप. घर वर्षातून दोनदा रूप बदलते.

अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसू. या क्रमाने आत जाताना जमिनीची पातळी थोडी थोडी बदलते, उजेड कमी होतो आणि माणसेही गळत जातात. कोणाला अंगणातच थांबायचे, कोणाला पडवीत टेकायचे, कोणाला ओटीवर बसायचे आणि माजघराचा उंबरठा कोणी ओलांडायचा, हे घराने ठरवून दिलेले असे. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) किंवा 'तुंबाडचे खोत' (१९८७) वाचताना एखादे पात्र कोठे उभे राहून बोलते आहे इकडे लक्ष द्यावे. लेखक ते सहज लिहून जातो, कारण त्याच्या वाचकाला ती जागा माहीत असते. सदनिकेत वाढलेल्या आजच्या विद्यार्थ्याला 'ओटी' म्हणजे फार तर बाल्कनी वाटते. मग पात्र ओटीवरून पडवीत उतरले यात काही घडले, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. शब्दार्थ देऊन हे भागत नाही. कोशात ओटीचा अर्थ मिळतो, पण तिची उंची मिळत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने अशा वर्गाला का जावे याचे उत्तर येथे आहे. आपल्या म्हणी-वाक्प्रचारांत घर अजून उभे आहे. वळचणीचे पाणी आढ्याला जाते, घर फिरले की वासेही फिरतात, उंबरठे झिजवावे लागतात, लाजलज्जा खुंटीला टांगली जाते. यांतले आढे आणि वळचण यांच्यामधले अंतर ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही त्याला पहिल्या म्हणीतला अशक्यपणा कळणार कसा? स्लॅबच्या घराला आढेही नाही आणि वळचणही नाही. म्हण राहील, तिच्यातले पाणी मात्र आटेल.

येथवर सगळे गोड आहे, आणि म्हणूनच सावध व्हायला हवे. अल्पमुदतीच्या अभ्यासाची खरी अडचण वेळेची नसते. थोड्या वेळात डोळ्यांना भरते ते तेवढेच पाहून माणूस परततो, ही ती अडचण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जतन केलेली जुनी घरे आठवावीत : रत्नागिरीत टिळकांचे, मालगुंडला केशवसुतांचे, पालगडला साने गुरुजींचे. ही तिन्ही घरे राखली गेली ती त्यांत जन्मलेल्या माणसांमुळे. घर म्हणून त्यांच्याकडे पाहायला जाणारा विरळा. शिवाय तिन्ही घरे एकाच सामाजिक थरातली. कुळवाड्याचे गवताने शाकारलेले घर, खारव्याची झोपडी, गावकुसाबाहेरची वस्ती यांतले काही जतन झालेले आम्हांला दिसत नाही. 'श्यामची आई' वाचणाऱ्याला मोठ्या घरातून बाहेर पडून स्वतःचे लहानसे मातीचे घर बांधणारे कुटुंब आठवेल. त्या पुस्तकातले ते लहान घरही आपल्या वास्तुविचारात येत नाही. येतो तो वाडाच.

मघाचा कर्त्याच्या जबाबदारीचा मुद्दा येथे लागतो. गाव वसवले गेले असेल तर त्यातली विषमताही वसवली गेली. वाडीवाडीचे अंतर, विहिरींची वाटणी, देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीचा रोख, यांत जात आखलेली होती. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नगररचनेच्या पुस्तकात तळे म्हणजे जलसंचयाची रचना. महाडला ते काय होते हे इतिहासाने सांगितले. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर उभारले, सर्व हिंदूंना खुले असे. जुन्या देवळांच्या नकाशात त्याला जागा नव्हती. नवे देऊळ बांधूनच तो नकाशा दुरुस्त करावा लागला. खोती रद्द करण्याचे विधेयक आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडले, कायदा झाला १९४९ मध्ये. आणि वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे घरांची मालकी, जमिनीचा हक्क आणि वाडीचे नाव या तीन गोष्टी दुरुस्त व्हायला जवळजवळ शतक लागले. पारंपरिक रचनेचे गोडवे गाताना हे शतक वगळता येणार नाही.

परंपरा म्हणून आपण ज्याला कवटाळतो त्याचे वयही तपासावे. कोकणी घर म्हटले की लाल मंगळुरी कौल डोळ्यांपुढे येते. त्या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात काढला तो १८६५ मध्ये, म्हणजे मंडलिकांचा मुरूडवरील निबंध छापला गेला त्याच वर्षी. त्याआधी होती नळीची कौले आणि गवत. कारखान्यातले कौल आले तेव्हा तेही परकेच होते. ते टिकले, कारण दरवर्षी शाकारण्याचे कष्ट त्याने वाचवले. आज गिरणी-कारखान्याच्या पैशावर, मुलाच्या नोकरीवर कोणी स्लॅब घातला तर त्याला परंपराद्रोही ठरवण्याचा अधिकार शहरातून चार दिवस आलेल्या अभ्यासकाला नाही. गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या बाईला, जिच्या हातांनी ते अंगण पिढ्यानपिढ्या सारवले, तिला फरशी हवीशी वाटली तर त्यात नवल कसले? तिचे कष्ट हेही त्या वास्तुकलेचे एक बांधकाम साहित्यच होते. फक्त त्याचे माप कोणी घेतले नाही.

मग अल्पमुदतीच्या वर्गातून मिळते काय? घर बांधता येत नाही हे उघड आहे. वासा कोणत्या लाकडाचा घ्यावा, चिरा कोणत्या अंगाने बसवावा हे सुताराला आणि गवंड्याला बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून कळले. ते आठ दिवसांत कळते असे कोणी म्हणत असेल तर तो त्या कारागिराचा अपमान आहे. आठ दिवसांत मिळू शकतो तो प्रश्न विचारण्याचा वकूब. ही भिंत येथेच का? हा उंबरठा इतका उंच का? या विहिरीला दोन वाटा का आहेत? आणि या चौथ्या खोलीला नावच कसे नाही? कवितेच्या पहिल्या वाचनात आपण विद्यार्थ्याला याहून अधिक काही देत नाही. उरलेले आयुष्य त्याने स्वतः वाचावे, एवढीच अपेक्षा असते.

मराठीच्या विभागांना मात्र यापुढे जाऊन एक काम करता येण्याजोगे आहे आणि त्याला वास्तुविशारद लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकाठची कित्येक घरे गेली. जी उरली त्यांतल्या अनेकांना पावसाळ्यापुरतेही कोणी राहायला नाही. घर पडते तेव्हा आढे, भाल, रीप, मांगर, न्हाणी, बेडे, गडगा, पाणंद हे शब्द एकदम मरत नाहीत. ते आधी निरर्थक होतात आणि मग गळतात. प्रत्येक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीतले एक घर घ्यावे, त्याचा साधा आराखडा काढावा आणि प्रत्येक जागेवर तिथल्या माणसांच्या तोंडचे नाव लिहावे. घर खोताचे असावे तसे कुळाचेही असावे, मोहल्ल्यातले असावे तसे बौद्धवाडीतलेही असावे. ज्या जागेला चार घरांत चार नावे मिळतील तेथे चारही लिहावीत, आणि नाव पुरुषाने सांगितले की बाईने याचीही नोंद करावी. दोघांची नावे पुष्कळदा जुळत नाहीत. कारण एक घरात येत असतो आणि दुसरी घरात असते.